नाव आणि हिशेब



वसंतातल्या या व्यासपीठावर साहित्य-इतिहासाची चर्चा चालते. तेथे आम्ही बिलांच्या तंट्यावर बोलायला उभे राहावे, हे आपणांस चमत्कारिक वाटेल. परंतु आज पेठेतल्या दुकानदारापासून गाण्याचा वर्ग चालवणाऱ्या बाईंपर्यंत अनेकांचा व्यवहार इंटरनेटवरील एका नावावर चालतो. या नावाला डोमेन म्हणतात. ते हातचे गेले तर संकेतस्थळ बंद पडते आणि त्या पत्त्यावरची ईमेलही थांबते. तेव्हा हा प्रश्न पाचदहा रुपयांचा नव्हे.

प्रथम हे नाव कोणाचे असते ते पाहू. आपण ते विकत घेतले असे म्हणतो. वस्तुतः ते मुदतीने नोंदवलेले असते, आणि ही मुदत फार तर 10 वर्षांची. 'डॉट कॉम' नावांची मूळ वही व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते. तिला रजिस्ट्री म्हणायचे. आपल्याकडून पैसे घेऊन त्या वहीत आपली नोंद करतो तो रजिस्ट्रार. 1999 पर्यंत ही नोंद अमेरिकेतील एकच कंपनी करीत असे. त्या वर्षी स्पर्धा सुरू झाली, रजिस्ट्रार पुष्कळ झाले, आणि एकाला सोडून दुसऱ्याकडे जाण्याची सोय झाली. सोयीबरोबर भांडणेही आली. म्हणून आयकॅन या संस्थेने स्थलांतराचे नियम घातले. ते नोव्हेंबर 2004 मध्ये अमलात आले व पुढे त्यांत सुधारणा झाल्या. आम्ही बोलणार आहोत ते या नियमांविषयी. 'डॉट इन'चा कारभार आपल्या देशातील निक्सी पाहते. तिचे नियम निराळे.

आता तंटा कोठे उद्भवतो? समजा, सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या नावाची मुदत 10 एप्रिलला संपली. 'डॉट कॉम'च्या वहीत त्या दिवशी आपोआप एक वर्ष वाढते आणि त्याचा आकार रजिस्ट्रारच्या खात्यातून वळता होतो. व्यापाऱ्याने 15 एप्रिलला जुन्या रजिस्ट्रारकडे वर्षाचे पैसे भरले. 1 मे रोजी तो दुसरीकडे गेला. तेथेही स्थलांतराबरोबर एका वर्षाचे पैसे द्यावे लागले. त्याला वाटले, दोन वर्षांची निश्चिंती झाली. प्रत्यक्षात मुदत मिळाली एकाच वर्षाची! कारण मुदत संपल्यापासून 45 दिवसांच्या आत नाव हलवले, तर ते आपोआप वाढलेले वर्ष रद्द होते आणि रजिस्ट्री आपला आकार जुन्या रजिस्ट्रारला परत करते. तो पैसा पुढे व्यापाऱ्याच्या हातात पडेलच असे नाही. ते त्या रजिस्ट्रारच्या करारावर अवलंबून. हेच पैसे मुदतीपूर्वी भरून नूतनीकरण करून घेतले असते, तर दोन्ही वर्षे जमेला धरली गेली असती.

दुसरा तंटा थकबाकीचा. जुना रजिस्ट्रार म्हणतो, "आधी बाकी चुकवा, मग नाव सोडतो." हे म्हणण्याचा त्याला अधिकार आहे काय? आहे, पण मर्यादित. चालू किंवा मागील मुदतीचे नोंदणीचे पैसे बुडाले असतील, तर तो स्थलांतर नाकारू शकतो. हे न्याय्यच आहे. रजिस्ट्रीचा आकार त्याने पदरचा भरलेला असतो. मात्र तसे नाकारण्यापूर्वी त्याने ते नाव 'होल्ड'वर ठेवले पाहिजे, म्हणजे त्याचा वापर बंद केला पाहिजे. येणाऱ्या मुदतीचे पैसे भरले नाहीत, या कारणावरून मात्र त्याला अडवता येत नाही. संकेतस्थळ बनवल्याची मजुरी किंवा जागाभाडे ही कारणेही नियमांच्या यादीत नाहीत. त्या बाकीची वसुली त्याने खुशाल करावी. नाव ओलीस ठेवून करू नये.

तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा, कारण तेथे चूक आपल्या हातून होते. पैसे दुप्पट गेले म्हणून संतापून माणूस बँकेकडे जातो आणि कार्डावरचा व्यवहार उलटवतो. याला चार्जबॅक म्हणतात. नियमांत चार्जबॅकची गणना पैसे न भरण्यातच केली आहे. म्हणजे काल आपण फिर्यादी होतो, आज थकबाकीदार झालो, आणि नाव अडवण्याचे सबळ कारण आपणच दुसऱ्याच्या हाती दिले.

यावर उपाय अवघड नाही. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी हालचाल करावी. नोंद स्वतःच्या नावाने व स्वतःच्या ईमेलवर आहे ना, हे पाहावे; पुष्कळदा संकेतस्थळ करून देणाऱ्याने ती आपल्याच नावे केलेली असते. नवीन नोंदणीनंतर किंवा एकदा स्थलांतर झाल्यावर काही दिवस रजिस्ट्रार पुढचे स्थलांतर नाकारू शकतो, म्हणून आधीच्या तारखा तपासाव्यात. मग लॉक काढून ऑथ कोड मागावा. मागितल्यापासून 5 दिवसांत तो मिळाला पाहिजे. न मिळाल्यास आयकॅनकडे तक्रार करता येते. परतफेडीचा निवाडा मात्र आयकॅन करीत नाही. त्यासाठी आपल्याकडे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, आणि ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

आणि वाद उभा राहिलाच, तर जुन्या व्यापाऱ्यांची रीत आठवावी. नोंदणीची रक्कम 'तक्रार राखून' भरावी, तसे लेखी कळवावे, पावती जपावी, आणि नाव सुरक्षित हलल्यावर पैशांसाठी भांडावे. गेलेले पैसे भांडून परत मिळू शकतात. मुदत टळून मोकळे झालेले नाव मात्र जो प्रथम नोंदवील त्याचे होते, आणि मग आपले ग्राहक आपल्याच नावाने दुसऱ्याच्या दारात जातात. हा क्रम आपण ध्यानात ठेवावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.