मणिकर्णिकेचा धूर आणि विद्यापीठाची वही

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



अशा मंगल प्रसंगी मणिकर्णिका घाटाचे नाव घेणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु मराठी माणसाला तो घाट परका नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहिल्याबाई होळकरांनी तो दगडी बांधवून घेतला. त्याला लागूनच शिंद्यांचा घाट आहे आणि पुढे नागपूरकर भोसल्यांचा. झाशीच्या राणीचे माहेरचे नावही मणिकर्णिकाच. आपल्या आज्या-पणज्यांनी देव्हाऱ्यात जपलेल्या गंगेच्या गडूंतील पाणी त्याच काशीचे. आज मला बोलायचे आहे ते आरोग्यसंशोधनाविषयी, आणि त्यासाठी या घाटाइतकी बोलकी जागा मला दुसरी सुचली नाही.

त्या घाटावर चिता रात्रंदिवस जळत असतात. एका चितेला दोनशे ते तीनशे किलो लाकूड लागते. ते वाहून आणणे, रचणे, निखारे सारणे, शेवटी राख पाण्यात नेऊन चाळणे ही सारी कामे पिढ्यानुपिढ्या डोम समाजाची माणसे करीत आली. यात्रेकरू तासभर थांबून डोळे पुसतो आणि निघून जातो. हा माणूस मे महिन्याच्या उन्हातही त्या धगीपाशीच उभा असतो. गंगेला पूर आला की चिता वरच्या चौथऱ्यांवर आणि गच्चीवर पेटतात, म्हणजे धूर वस्तीच्या आणखी जवळ येतो. लाकडाच्या धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसात खोल उतरतात आणि हृदयालाही पीडा देतात, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे.

काशीतील मृत्यूवर देशी-विदेशी पंडितांनी ग्रंथ लिहिले, छायाचित्रकारांनी तर घाट सोडला नाही. चिता पेटवणाऱ्याच्या छातीत काय चालले आहे, याची विचारपूस मात्र त्या मानाने फार थोडी झाली. आणि १९१६ साली स्थापन झालेले बनारस हिंदू विद्यापीठ, त्याच्या वैद्यकीय संस्थेसह, तेथून पाच-सहा किलोमीटरांवर उभे आहे! हा दोष मी एका विद्यापीठाच्या माथी मारीत नाही. जगभर असेच घडत आले. समाज जितका लहान आणि दुबळा, तितका तो अभ्यासाचा विषय सहज होतो. अभ्यासातील भागीदार होणे त्याच्या वाट्याला क्वचितच येते.

केवळ विषय होण्याने काय होते, त्याचे उदाहरण आपल्यासारख्याच परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांतील आहे. १९६९ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात पंजाबी कुटुंबांतील सुमारे २१ स्त्रियांच्या घरी चपात्या पाठविल्या जात. पिठात किरणोत्सारी लोह मिसळलेले होते. आशियाई स्त्रियांत रक्तक्षय अधिक, तेव्हा चपातीतले लोह अंगी किती लागते ते मोजावे, हा ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या संशोधकांचा हेतू. हेतूला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्यांतील अनेकींना इंग्रजी नीट येत नव्हते, आणि आपण काय खातो आहोत याची त्यांना कल्पना नव्हती, अशी तक्रार पुढे झाली. १९९५ साली दूरचित्रवाणीवरील एका माहितीपटाने हे उघडकीस आणले, म्हणजे तब्बल २६ वर्षांनी. नंतरच्या चौकशीत, समजावून सांगण्याचा प्रयत्न झाला होता, असे म्हटले गेले. प्रयत्न झाला असेलही. पण समजले की नाही, हे समजावणाऱ्याने ठरवायचे नसते.

आता आपल्या महाराष्ट्रातील गोष्ट सांगतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. मोठ्या विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आलेले हे जोडपे आदिवासींना विचारू लागले की, तुम्ही इस्पितळात का येत नाही? उत्तर मिळाले की, तेथील माणसे पांढऱ्या वस्त्रांत वावरतात, आणि पांढरे वस्त्र तर आम्ही प्रेताला गुंडाळतो. मणिकर्णिकेच्या पायऱ्यांवर हे उत्तर कोणालाही तत्काळ उमगले असते. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात ते नव्हते. मग इस्पितळ झोपड्यांसारखे बांधले गेले आणि त्याला नाव दिले आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचे.

या विश्वासावरच संशोधन उभे राहिले. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले. १९८९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले आणि जगाचे डोळे उघडले. पुढे गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेतली गेली. १९९९ सालच्या निष्कर्षानुसार तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. वजनकाटा आणि वही हाती घेणारी बाई त्याच गावची होती. माझ्या मते सारे मर्म येथे आहे.

दुसरे उदाहरण पुण्याजवळच्या सहा खेड्यांचे. १९९३ पासून केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी इंग्लंडच्या साउदम्प्टन विद्यापीठाबरोबर तेथील मातांचा अभ्यास केला. बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो, पण आपली हडकुळी दिसणारी बाळे चरबीच्या बाबतीत तितकीशी मागे नव्हती. पुढील आयुष्यातील मधुमेहाची बीजे येथे असावीत, हा त्यातून निघालेला विचार. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे अधिक सुदृढ होती. हे उत्तर प्रयोगशाळेतून थेट शेताच्या बांधावर नेता येण्याजोगे होते. ती बाळे आज तिशीच्या आसपास आहेत.

मणिकर्णिकेवर असे काही व्हायचे तर पहिला प्रश्न डोम कुटुंबांनीच विचारावा. कदाचित ते धुराविषयी विचारतील, कदाचित पाठीच्या दुखण्याविषयी, भाजण्याविषयी किंवा मुलांच्या खोकल्याविषयी. कोणी सांगावे, आपल्या मनातही न आलेले काही विचारतील. त्यांच्यातीलच तरुण-तरुणींनी धूर मोजावा, नोंदी ठेवाव्यात, त्याचे वेतन घ्यावे, आणि निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकाच्या आधी घाटावर, त्यांच्या बोलीत सांगितले जावेत.

आणि आपण? आपण स्वतःला सुशिक्षित आणि सुस्थित मानतो, त्यामुळे परदेशात आपणही अल्पसंख्य आहोत हे विसरतो. अमेरिकेत २०१० साली दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयरोगाचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की 'मसाला' हा शब्द होतो. सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरातील ९०६ जण त्यात प्रथम घेतले गेले. ते शोधण्यासाठी आडनावांच्या याद्यांचा उपयोग झाला. आपली आडनावे शास्त्राच्या कामी यावीत, हेही थोडके नव्हे! अभ्यास मोलाचा आहे. आपल्या लोकांत मधुमेह आणि पोटाच्या आतील चरबी इतर समाजांहून अधिक, हे त्यातून पुन्हा ठळक झाले. परंतु त्या पहिल्या निवडीत इंग्रजी, हिंदी किंवा उर्दू येणे आवश्यक होते. मुलाकडे राहावयास आलेली, केवळ मराठी बोलणारी आजी त्यात बसत नव्हती. तिची साखर, तिचे गुडघे, बर्फाच्या महिन्यांतील तिचे एकटेपण कोणत्या कोष्टकात मांडायचे?

येथे मंडळाचे काम सुरू होते. पन्नास वर्षांत आपण नाटके केली, गणपती बसवले, मुलांना मुळाक्षरे शिकवली. मंडळाच्या यादीत शेकडो घरे आहेत आणि घराघरांचा विश्वासही. नेमकी हीच वस्तू कोणत्याही विद्यापीठाला विकत मिळत नाही. जवळच्या विद्यापीठाचे पत्र येते तेव्हा आपले चिटणीस स्वयंसेवकांची नावे पाठवून मोकळे होतात. यापुढे त्यांनी उलट पत्र लिहावे. प्रश्नावली मराठीत मिळेल काय, ती तयार करताना आमच्या दोन ज्येष्ठ भगिनी बसतील काय, रक्ताचे नमुने कोठे आणि किती वर्षे राहतील, आणि निष्कर्ष सांगावयास तुमचा माणूस आमच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येईल काय, एवढे त्यात विचारावे. या पत्राचा मसुदा मी करून आणला आहे. सभेनंतर तो कार्यकारिणीच्या स्वाधीन करतो.