राजीनाम्याची दुसरी प्रत
(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवांतील शिक्षक-पालक सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवांत चार गौरवाचे शब्द ऐकावे अशी आपली अपेक्षा असेल. पण आम्ही आज एका राजीनाम्याची हकीकत सांगणार आहों.

नवी मुंबईंतील एका खासगी शाळेच्या समितीवर आम्ही होतों. तेथील एका बाईंवर, मुलाच्या गुणांवरून, एक पालक भर वर्गांत ओरडले. पुढें रात्रीं-अपरात्रीं त्यांच्या मोबाइलवर अपशब्द येऊं लागले. प्रकरण आमच्यापुढें आलें, तेव्हां तंटा वाढूं नये म्हणून आम्हीं बाईंसच क्षमा मागावयास सांगितलें. त्यांनीं ती मागितली, आणि त्याच आठवड्यांत राजीनामा धाडला.

खासगी शाळांतील सेवकांविषयींचा महाराष्ट्राचा १९७७ चा कायदा या बाबतींत फार काटेकोर आहे. राजीनाम्याच्या दोन प्रती कराव्या, दोहोंवर सही व तारीख घालावी, एक रजिस्टर टपालानें धाडावी, दुसरी आपल्यापाशीं ठेवावी. बडतर्फ झालेल्यास तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागतां येते. आपण होऊन गेलेल्याची चौकशी कोण करणार? बाईंचें पत्र अगदीं रीतसर होतें. तें वाचून आम्हांस सुटल्यासारखें वाटलें, हें सांगतांना आज लाज वाटते.

शिक्षक पगारासाठीं जातात असें आपण म्हणतों. वेतन तोकडें आहे, हें खरेंच. अनुदानित प्राथमिक शाळेंतील शिक्षणसेवकाचें मानधन २०२३ सालीं वाढून दरमहा १६,००० रुपये झालें. त्यांत वाशी-नेरूळला घरभाडें तरी सुटेल काय? पण या बाई तेवढ्यावर गेल्या नव्हत्या.

संत जॉन बॅप्टिस्ट दे ला साल यांस पोप बारावे पायस यांनीं १९५० सालीं शिक्षकांचे आश्रयदाते ठरविलें. खटले व विरोध यांनीं थकून तेहि एकदां पॅरिस सोडून दक्षिण फ्रान्सांत निघून गेले होते! १ एप्रिल १७१४ रोजीं त्यांच्या शिक्षकबंधूंनीं पत्र लिहून त्यांस परत येण्याची आज्ञाच केली, आणि ते आले. आम्हीं बाईंस एक ओळहि लिहिली नव्हती.

गेल्या महिन्यांत आम्ही कोपरखैरण्यास त्यांच्या घरीं गेलों. त्या आतां शिकवण्या घेतात. चहा झाल्यावर त्यांनीं कपाटांतून ती दुसरी प्रत काढून दाखविली. आम्हीं क्षमा मागितली. परत येण्याविषयीं त्यांनीं अजून कांहीं कळविलेलें नाहीं. शाळा जूनमध्यें उघडेल.