पेव आणि पिशवी

गावात एखाद्या गोष्टीचा सुळसुळाट झाला की आपण म्हणतो, ‘पेव फुटले’. मोबाइलच्या दुकानांचे पेव फुटते, शिकवण्यांचे फुटते. पण पेव म्हणजे नेमके काय, असे आजच्या मुलांना विचारले तर ती गप्प बसतात. त्यांचा दोष नाही. पेव पाहायला तरी कुठे मिळते?

पेव म्हणजे जमिनीतले कोठार. आमच्या परभणीकडच्या गावांत ते गावठाणाच्या पांढऱ्या मातीत खणत. तोंड अरुंद, पोट मोठे. तळाला नि कडेने कडबा, भुसा लावायचा, खणखणीत वाळलेली ज्वारी आत ओतायची आणि तोंडावर दगड ठेवून चिखलाने लिंपून टाकायचे. आतल्या हवेतला प्राणवायू धान्य आणि त्यातले किडे श्वासावाटे संपवत जात, आणि मग किड्यांचेच जगणे अवघड होई. औषध नाही, पावडर नाही. अशा ज्वारीला एक आंबूस वास येई, तो भाकरीलाही लागे. पण वाईट सालात त्या भाकरीला नाक मुरडणारा कोणी नसे.

हे आठवायचे कारण म्हणजे सूनबाईंनी ऑनलाइन मागवलेले हवा काढायचे यंत्र. पिशवीचे तोंड त्यात धरायचे, झाकण दाबायचे. घर्र आवाज करत ते हवा ओढून घेते आणि तापलेल्या पट्टीने प्लास्टिक चिकटवून टाकते. तूरडाळीची पिशवी विटेसारखी कडक होते. मला तर ही पेवाची शहरात शिकलेली नातच वाटली. आफ्रिकेतही असेच घडले आहे. कॅमेरूनमध्ये चवळीला भुंगा फार लागे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथे काम सुरू केले आणि त्यातून पोत्याच्या आत प्लास्टिकच्या दोन पिशव्या, अशी तिहेरी पिशवी तयार झाली. तोंड घट्ट बांधले की काम झाले. यंत्र नाही, वीज नाही. तत्त्व आपल्या पेवाचेच.

घरच्या यंत्राचा फायदा कोरड्या वस्तूंना जास्त. शेंगदाणे, जवस, सुकामेवा यांतले तेल हवेने खवट होते, ते लांबते. ईदच्या शेवया, डाळी, रवा, सगळे नीट राहते. मात्र माल आधी वाळलेला हवा. दाताखाली ज्वारी ‘कट्ट’ वाजली पाहिजे, हा जुन्या बायकांचा नियम इथेही लागू आहे. ओल आत गेली की पिशवीतून बाहेर पडत नाही. पापड घालू नयेत, त्यांचा चुरा होतो. पातळ पदार्थ यंत्रात ओढला जातो. चांदीचे पैंजण लवकर काळे पडत नाहीत. माझ्या कवितांच्या जुन्या वह्याही सूनबाईंनी पिशव्यांत घातल्या. कसर लागणार नाही हे खरे, पण वाचायची तर दरवेळी पिशवी कापावी लागते. कवीच्या वह्या न वाचल्या जाण्याची सोय आधीच पुष्कळ आहे!

पण पेवाची दुसरी बाजूही जुन्या लोकांना ठाऊक होती. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. ते बराच वेळ मोकळे ठेवायचे, मग दोरीने कंदील आत सोडायचा. विझला तर थांबायचे. घाई करणाऱ्यांचे जीव पेवात गेले आहेत. जिथे किडा मरतो तिथे माणूसही मरतो.

पिशवीतला धोका निराळा आहे. हवा काढली की किडे आणि बुरशी अडते, पण काही जंतूंना हवा नसलेलीच जागा मानवते. बॉट्युलिनम नावाचा जंतू त्यांपैकी एक. शिजवलेले मटण, वरण, उकडलेले बटाटे हवाबंद करून बाहेर उष्ण्यात ठेवले तर तो आत विष तयार करू शकतो. वास किंवा चव बदलेलच असे नाही. म्हणून ओला पदार्थ पिशवीत घातला तरी तो फ्रीजमध्येच हवा आणि जास्त दिवस ठेवायचा तर फ्रीजरमध्ये. बकरी ईदच्या मटणाचे वाटे करून ठेवायला हे यंत्र छान. पण रात्रभर वीज गेली नि मटण वितळून कोमट झाले, तर पिशवी बंद आहे म्हणून विसंबू नये. तेलात घातलेला कच्चा लसूणही असा बाहेर ठेवू नये.

हे सगळे मी आमच्या शेजारच्या भाभींना सांगत होतो. त्यांचा मुलगा पुण्यात शिकतो. आमच्याकडून रात्रीच्या ट्रॅव्हल्समधून अशा मुलांचे डबे जातात. भाभींनी मटणाचा रस्सा थंड करून, गोठवून, आमच्या यंत्रात बंद करून घेतला होता.

‘भाईजान, पिशवी तर किती गच्च बसलीय, हवा शिरायला जागाच नाही,’ त्या म्हणाल्या.

‘म्हणूनच तर नको, भाभी. रातभर गाडीत वितळत जाईल. सकाळी ती कुणी घ्यायची, पोरगं कधी खाणार, काय सांगावं?’

थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग पिशवी उचलून घरात गेल्या. त्या रात्री पुण्याला गेले ते भाजलेले शेंगदाणे, शेवया आणि दोन किलो ज्वारीचे पीठ. रस्सा घरच्यांनी खाल्ला, एक वाटी आमच्याकडेही आली.