पाहुण्या झाडाचे गोत

फाल्गुन सरत आला की आमच्या कचेरीच्या आवारातील एक झाड एकाएकी सर्वांच्या नजरेत भरते. एरवी वर्षभर त्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. लोंबत्या फांद्या, अरुंद पाने, खरबरीत भेगाळलेले खोड, एवढेच त्याचे रूप. पण उन्हे तापू लागली की त्या लोंबत्या फांद्यांना तांबडेलाल तुरे येतात आणि दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्यापासून वरिष्ठांपर्यंत प्रत्येक जण क्षणभर तरी थांबून वर पाहतो. बाटली धुण्याच्या ब्रशाशी त्या तुऱ्याचे इतके साम्य आहे, की इंग्रजांनी दिलेले 'बॉटलब्रश' हेच नाव आपणही जसेच्या तसे उचलले. मराठीत त्याला दुसरे नाव रुळलेच नाही. दिल्लीपासून बंगळूरपर्यंत सरकारी बंगल्यांत, छावण्यांत, नगरपालिकांच्या उद्यानांत हे झाड आढळते. श्रोतेहो, आपण देशाच्या कोणत्याही भागात राहत असा, ते आपण पाहिलेले असण्याचाच संभव अधिक.

या झाडाचा तुरा जरा हातात घेऊन पाहावा. तो म्हणजे एक फूल नव्हे. दांड्याभोवती दाटीने बसलेल्या कितीतरी फुलांचा तो समुदाय असतो. प्रत्येक फुलाला पाच पाकळ्या असतात, पण त्या इतक्या लहान आणि फिकट, की त्यांच्याकडे आपले लक्षही जात नाही. जो रंग आपल्याला मोहवितो तो पाकळ्यांचा नसून पुंकेसरांचा आहे. रॉबर्ट ब्राउन नावाचा एक थोर वनस्पतिशास्त्रज्ञ कॅप्टन फ्लिंडर्सच्या जहाजावरून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने हिंडला होता. त्याने १८१४ साली या झुडपांच्या प्रजातीला 'कॅलिस्टेमॉन' हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'सर्वांगसुंदर पुंकेसर' असा काहीसा होतो. नावात गुणवर्णन नेमके उतरले आहे.

आणखी एक गोष्ट मात्र झाडाशी थोडी ओळख झाल्यावाचून ध्यानात येत नाही. अनेक झाडांत टोकाशी फुलोरा आला की त्या डहाळीची वाढ तेथेच संपते. येथे तसे होत नाही. तुऱ्याच्या टोकातून कोवळी पालवी फुटते आणि डहाळी पुढे वाढत राहते. फुले गळून गेल्यावर त्यांच्या जागी मण्यांएवढी कठीण बोंडे डहाळीला घट्ट चिकटून राहतात. पुढच्या बहरात त्याच डहाळीवर आणखी वर दुसरा तुरा, त्यामागे बोंडांचे दुसरे वलय. एखादी जुनी डहाळी टोकाकडून मागे न्याहाळीत गेले, तर गेलेले बहर मोजता येतात.

ही बोंडे वर्षानुवर्षे तशीच असतात. आमच्या माळ्याच्या मते ती 'मेलेली फळे', आणि बरेच दिवस मीही तसेच समजत होतो. वास्तविक ती मेलेली नसतात, ती वाट पाहत असतात. प्रत्येक बोंडाच्या आत धुळीसारखे बारीक असंख्य बी बंद असते. ज्या भूमीत हे झुडूप घडले तेथे रानवणवा ही अपवादाची घटना नाही, ऋतुचक्राचाच तो एक भाग आहे. वणव्यात फांदी होरपळली, किंवा अन्य कारणाने मेली, की तिच्याकडून येणारा रस थांबतो, बोंडे वाळतात, उकलतात आणि राखेवर बी सांडते. स्पर्धक जळून गेलेले, जमिनीला राखेचे खत मिळालेले, डोक्यावर मोकळे आकाश. अंकुराला याहून अनुकूल काळ कोणता? आपल्या उद्यानांतून वणवा येत नाही. त्यामुळे त्या बोंडांचे प्रयोजनच आपल्याला कधी दिसत नाही.

या प्रजातीत सुमारे चाळीस जाती मोजल्या जातात. त्यांतील बहुतेक ऑस्ट्रेलिया खंडाच्या पूर्व व आग्नेय भागांतल्या. आपल्याकडे सर्रास दिसणारी लोंबत्या फांद्यांची जात क्वीन्सलँडचा पूर्वभाग आणि न्यू साउथ वेल्सचा उत्तरभाग येथील ओढ्याकाठची रहिवासी आहे. पूर आला की तिच्या लवचिक फांद्या पाण्याबरोबर वाकतात आणि मुळे काठ धरून ठेवतात. आपल्या उद्यानांत शोभेसाठी वाकलेल्या वाटणाऱ्या त्या फांद्यांचे मूळ काम हे आहे. तुऱ्यांतील मध तेथील मधुभक्षी पक्ष्यांसाठी असतो. त्या देशात काही पोपट असे आहेत, की त्यांच्या जिभेच्या टोकालाच ब्रशासारखे केस असतात आणि त्यांनी ते मध टिपतात. ब्रशाच्या फुलावर ब्रशाची जीभ! आपल्याकडे ते काम इवलासा शिंजीर करतो. पाहुण्याच्या ताटातले त्याला आवडले आहे असे दिसते.

युरोपीय विद्वानांची या झुडपांशी गाठ पडली ती १७७० साली. कॅप्टन कुकच्या जहाजाने आज जेथे सिडनी शहर आहे त्याच्या दक्षिणेस एका उपसागरात नांगर टाकला. जोसेफ बँक्स आणि डॅनियल सोलँडर या दोघा शास्त्रज्ञांना तेथे इतक्या नव्या वनस्पती मिळाल्या, की त्या जागेचे नावच 'बॉटनी बे' पडले. अर्थात त्या काठांवर हजारो वर्षे राहणाऱ्या आदिवासींना ती झाडे नवी नव्हती. पुढे ब्राउनने ठरविलेले नावही निर्वेध राहिले नाही. पुंकेसर सुटे असले तर कॅलिस्टेमॉन आणि जुडग्यांत बांधलेले असले तर 'मेलाल्युका', हा जुना भेद सर्वत्र टिकत नाही, असे सांगून २००६ साली एका ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने या जाती मेलाल्युकात घातल्या. काही संग्रहालयांनी ते मानले, काहींनी नाही. दप्तरी खातेबदल झाला, झाड जागचे हलले नाही.

परंतु ज्याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद नाही ते त्याचे कुल आपल्या घरचे आहे, आणि आजच्या भाषणाचा खरा विषय तोच आहे. या झाडाचे पान उजेडात धरावे, सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. ते तेलाचे सूक्ष्म कोश होत. पान चुरगळले की वास येतो. आता असेच पेरूचे पान धरून पाहावे, जांभळाचे पाहावे, निलगिरीचे पाहावे. तेच ठिपके, तीच सुगंधाची परंपरा. हे सर्व जंबुल कुलातले, म्हणजे जांभळाच्या गोत्रातले. फोडणीतली लवंग ही याच गोत्रातल्या एका झाडाची न उमललेली कळी होय. पेरू अमेरिकेतून आला, लवंग मोलुक्का बेटांची, निलगिरी ऑस्ट्रेलियाची असून आपल्या एका पर्वताचे नाव लावून बसलेली. जांभूळ मात्र निखळ आपले. पूजेच्या संकल्पात स्वतःचा ठावठिकाणा सांगताना आपण ज्या जंबुद्वीपाचा उच्चार करतो, त्या नावातही हाच वृक्ष उभा आहे.

हे गोत मला पुस्तकातून कळले, पण त्याचा अर्थ कळला तो घरच्या एका प्रसंगाने.

माझी थोरली बहीण अनेक वर्षे सिडनीस असते. तिच्या अंगणात मेहुण्यांनी स्वतःच्या हाताने लावलेला एक बॉटलब्रश आहे. मेहुणे गेले, त्यानंतर प्रथमच ती सांगलीस आईकडे यावयास निघाली होती. निघण्यापूर्वी तिचा दूरध्वनी आला. "ओल्या फडक्यात गुंडाळून चार काड्या आणते म्हणते. आईच्या परसात लावू. तू एवढा सरकारी अधिकारी, विमानतळावर तुझ्या शब्दाला काही मान असेलच की."

मी म्हणालो, "ताई, शब्द टाकता येणार नाही. आणि येत असता तरी मी टाकला नसता. तू काड्या आणू नकोस."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आईच्या तुळशीचे बी तिकडे काढून घेतले, तेव्हा त्या लोकांना नावे ठेवण्यात तूच पुढे होतास."

तिचे म्हणणे खरे होते. काही वर्षांपूर्वी आई तिच्याकडे गेली, तेव्हा पुरचुंडीत बांधून नेलेले तुळशीचे बी तेथील विमानतळावर काढून घेण्यात आले. आई हिरमुसली होती आणि मी रागावलो होतो. चिमूटभर बियांनी एका खंडाचे काय बिघडणार होते, असा माझा प्रश्न होता. त्याचे उत्तर मला पुढे मिळाले, आणि ते जंबुल कुलाच्याच कहाणीत मिळाले.

गव्हावरचा तांबेरा आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. तांबेरा ही बुरशी. तिच्या बहुतेक जाती ठराविक थोड्याच वनस्पतींवर जगतात. पण दक्षिण अमेरिकेत पेरूच्या गोत्रावर वाढणारा एक तांबेरा आहे. १८८४ साली ब्राझीलमधील पेरूवरून त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. याची भूक मोठी. जंबुल कुलातल्या चारशेहून अधिक जातींवर तो आजवर आढळला आहे. मूळ भूमीत झाडे आणि तो एकमेकांच्या सवयीचे झालेले होते. पण २००५ साली तो हवाई बेटांवर पोचला आणि तेथे लावलेली गुलाबजांबाची झाडे त्याने उजाड करून टाकली. गुलाबजांब हा आपल्या जांभळाच्याच प्रजातीतला, म्हणजे जवळचा भाऊबंद. २०१० साली हा तांबेरा ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यालगत सापडला, आणि २०१७ साली न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवर. ज्या देशात आईची पुरचुंडी उघडून पाहिली जाते, त्या देशातही तो शिरला. मग जेथे कोणी पाहतच नाही तेथे काय होईल?

त्याची रीत मोठी कपटी आहे. जून पानाला तो सहसा धक्का लावत नाही. कोवळी पालवी, कळ्या आणि कोवळी फळे यांवर पिवळ्याधमक भुकटीचे ठिपके उमटतात. पालवी करपते. झाड पुन्हा पालवते, पुन्हा करपते, आणि असे करता करता त्याची शिदोरी संपते. ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. ते वाऱ्याने उडतात, कपड्यांना चिकटतात आणि रोपांबरोबर व काड्यांबरोबर समुद्र ओलांडतात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील रानात 'देशी पेरू' म्हणून ओळखला जाणारा एक छोटा वृक्ष पूर्वी सहज दिसत असे. तांबेरा आल्यावर पुरती दहा वर्षेही लोटली नाहीत, तोच पाहणीत त्याची निम्म्याहून अधिक झाडे मेलेली आढळली. आज तो नामशेष होण्याच्या अगदी काठावर उभा आहे. बॉटलब्रशच्याही काही जातींना या तांबेऱ्याची बाधा होते. त्या सर्व तशा मरत नाहीत, पण त्यांच्या पालवीवर वाढलेली भुकटी शेजारच्या दुबळ्या भावंडांपर्यंत पोचते. वणव्याला तोंड देण्याची युक्ती या कुलाने साधली होती. बोंडात बी जपून ठेवायचे आणि राखेतून पुन्हा उगवायचे. येथे कळीच करपते, तेव्हा बी धरणार कोठून?

परदेशातून रोप वा काडी आणावयाची तर तिकडील निरोगीपणाचा दाखला आणि इकडील परवाना लागतो. आपल्याकडे याविषयीचा कायदा १९१४ सालचा आहे आणि त्याखाली केंद्र सरकारने २००३ साली काढलेला आदेश तर फारच तपशीलवार आहे. अशा आदेशांची कलमे वाचण्यात माझे आयुष्य गेले, आणि त्यांना लोक 'लाल फीत' म्हणतात तेव्हा मी फारसा प्रतिवादही करीत नाही. पण या एका आदेशामागे मला आता परसातले जांभूळ दिसते, अंगणातला पेरू दिसतो, आणि सह्याद्रीच्या रानात उभी असलेली त्यांची भाऊबंद झाडे दिसतात. त्यांना परवाना मागता येत नाही आणि तक्रारही नोंदविता येत नाही.

ताई आली ती काड्यांवाचून. रागही थोडा घेऊनच आली. मी तिला हे सर्व सांगितले, पुष्कळसे आजच्यासारखेच. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "हे मला दूरध्वनीवरच सांगायचे होतेस. नुसते नाही म्हणालास." तेही खरेच होते. आम्हां कचेरीतल्या लोकांना नकार देण्याची सवय असते, कारण सांगण्याची नसते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीतल्याच एका रोपवाटिकेत गेलो. तेथे बॉटलब्रशची रोपे होती. येथेच वाढलेली, त्याच लोंबत्या फांद्यांच्या जातीची. ताईने एक घेतले. आईने पैसे दिले आणि शेजारी जांभळाचेही एक लावावे असा हट्ट धरला. दोन्ही रोपे परसात एका रांगेत लागली. "यांनी लावलेले ते हे नव्हे," एवढेच ताई म्हणाली आणि पाणी घालावयास वाकली.

ती परत गेल्याला आता बरेच दिवस झाले. परवा तिचा दूरध्वनी आला तेव्हा तिने सांगितले, की दर रविवारी ती अंगणातल्या झाडाची पालवी उलटीपालटी करून पाहते. अजून पिवळा ठिपका दिसलेला नाही. मग तिने विचारले, "आपल्याकडची दोन्ही कशी आहेत?" मी म्हणालो, "दोन्हींना नवी पालवी आली आहे."