शिंदे घराण्याचा आवाज

पूर्णा तालुक्यातलं ताडकळस असो की मराठवाड्यातलं दुसरं कुठलंही बाजाराचं गाव, भीमजयंतीला आणि आषाढी एकादशीला लाउडस्पीकरवर एक आवाज हमखास ऐकू येतो, तो प्रल्हाद शिंदे यांचा.

मंगळवेढ्यात १९३३ साली जन्मलेल्या या गायकाने विठ्ठलाची भक्तिगीतं, भीमगीतं आणि कव्वाली सारख्याच तळमळीने गायली. मुलगा आनंद लहानपणापासून वडिलांच्या कार्यक्रमांतच घडला. पण एवढ्या मोठ्या बापाचं नाव पाठीशी असलं की तुलना काही चुकत नाही. आनंद यांनी वेगळी वाट धरली. १९८०च्या दशकात ‘नवीन पोपट हा’ हे ठसकेबाज गाणं कॅसेटवर आलं आणि हॉटेलापासून वरातीपर्यंत गाजलं. कॅसेट स्वस्त असल्यामुळे गायक थेट गावात पोचला.

मोठ्या बापाच्या सावलीतून अशी वेगळी वाट काढणारे आनंद एकटेच नव्हते. अमेरिकेत गायक नॅट किंग कोल यांची कन्या नॅटली हिनेही १९७५ साली वडिलांपेक्षा निराळ्या, सोल शैलीच्या गाण्याने नाव कमावलं होतं.

प्रल्हाद शिंदे २००४ साली गेले. पुढे २०१३च्या ‘दुनियादारी’ चित्रपटातल्या गाण्यातून आनंद यांचे चिरंजीव आदर्श घराघरांत पोचले. आजोबा, वडील आणि नातू, तिघांचाही आवाज खडा. गाण्याचा बाज मात्र ज्याचा त्याचा.