‘अजून ठरले नाही’ म्हणण्याचा हक्क

(इचलकरंजी येथे कार्यकर्ते व पालक यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज एका कबुलीने सुरुवात करतो. १९९४ साली याच गावातल्या एका यंत्रमागधारकाने मला आपल्या मुलाविषयी सल्ला विचारला होता. मुलगा बारावी झालेला होता. पुढे काय करावे हे त्याला सांगता येत नव्हते. मी शिक्षक, शिवाय चळवळीतला, म्हणून माझ्या शब्दाला वजन होते. ‘इंजिनिअर होऊ द्या,’ असे मी मोठ्या अधिकाराने सांगितले. दूरच्या एका विनाअनुदानित महाविद्यालयात पैसे भरून मिळणारी जागा घेण्यात आली. त्यासाठी चारपैकी दोन माग विकले गेले. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर मुलगा परत आला आणि उरलेले दोन माग कर्जापायी गेले. मुलाचे पुढे वाईट झाले नाही. मोटार वाइंडिंगचे काम तो शिकला आणि आज त्याचे स्वतःचे दुकान आहे. परंतु स्वतःच्या मागावर बसणारा त्याचा बाप आयुष्याची शेवटची पंधरा वर्षे दुसऱ्याच्या मागावर राबला. त्या मुलाच्या हाताला जे येत होते ते आयटीआयमध्ये दोन वर्षांत आणि अल्प खर्चात शिकता आले असते. मी त्याला तसे विचारलेसुद्धा नव्हते.

ही गोष्ट आजच सांगण्याचे कारण म्हणजे गेल्या आठवड्यात एक कामगार आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आला होता. मुलीला गुण चांगले आहेत. तिला गणित आवडते आणि इतिहासही आवडतो. काय व्हायचे आहे, असे विचारल्यावर ती प्रामाणिकपणे म्हणाली, “सर, माझं अजून ठरलं नाही.” त्यावर तिचा बाप जे बोलला ते माझ्या मनातून जात नाही. तो म्हणाला, “गुरुजी, ठरलं न्हाई म्हणायला आमाला परवडत न्हाई.”

आजच्या विषयाचे सारे मर्म या एका वाक्यात आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी आपली आवड नेमकी न कळणे हा दोष नव्हे. त्या वयाचा तो स्वाभाविक धर्म आहे. सधन घरातला मुलगा एक शाखा घेतो, वर्षभराने सोडतो, दुसरी धरतो, आणि त्याचे घर ते सोसते. कामगाराच्या मुलीला मात्र पहिल्याच निवडीत अचूक असावे लागते. पैशाइतकीच विषम वाटणी आपल्या समाजात चुकण्याच्या संधीचीही झालेली आहे, आणि प्रवेशाच्या हंगामात ती सर्वांत उघडी पडते.

हे असे का झाले, याचा थोडा मागोवा घेऊ. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि पुढे निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी राहण्यास साह्य केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि वसतिगृहांबरोबरच ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग घालून दिला. गरिबाच्या मुलाला शाळेच्या शुल्काइतकीच जेवणाची आणि निवाऱ्याची अडचण असते, हे या दोघांनी ओळखले होते. स्वातंत्र्यानंतर शासकीय महाविद्यालये निघाली. आपल्या जवळचे कराडचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० सालचे. परंतु जागा अपुऱ्या पडत गेल्या आणि आपली मुले कर्नाटकात देणग्या भरून शिकू लागली. तेव्हा १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली. त्या निर्णयाने तालुक्यातालुक्यातील मुलांना तांत्रिक शिक्षण जवळ आणून दिले, हे मान्य केले पाहिजे. परंतु शिक्षणाचा खर्च समाजाच्या खांद्यावरून कुटुंबाच्या खांद्यावर सरकण्याची वाटही तेथूनच रुंद झाली. १९८७ साली देणगीबंदीचा कायदा करावा लागला. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोफत जागा आणि पैसे भरून घ्यावयाच्या जागा अशी विभागणी घालून दिली. २००२ साली पै खटल्यात तीही व्यवस्था मोडीत निघाली. महाराष्ट्राने २०१५ साली कायदा करून शुल्क नियामक प्राधिकरण स्थापले. कोठारी आयोगाने १९६६ साली शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा असे सांगितले होते. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातले. तो आकडा देशाने आजवर गाठलेला नाही. जी तूट राहिली, ती घराघरांतून भरून काढली जात आहे.

ही व्यवस्था बदलण्याची लढाई चालूच राहील. परंतु त्या मुलीला अर्ज याच महिन्यात भरावयाचा आहे. तिला काय सांगावे? माझ्या चुकीतून मी जे शिकलो ते असे : ज्याचे मन ठरलेले नाही त्याने सर्वांत मोठ्या नावाच्या महाविद्यालयामागे धावू नये. पुढे मन बदलले तर कमीत कमी नुकसान होईल, असे महाविद्यालय त्याने निवडावे.

याचा पहिला भाग हिशेबाचा आहे. पहिल्या वर्षाचे शुल्क पाहून निर्णय करणे म्हणजे धोतराचा एक हात पाहून पान विकत घेणे. चार वर्षांचे शुल्क, खोली, खाणावळ, प्रवास, पुस्तके, परीक्षा असे सारे एका कागदावर मांडावे. कर्ज काढणार असाल तर व्याजही मांडावे. समजा, दर वर्षी सव्वा लाख याप्रमाणे चार वर्षांत पाच लाख रुपये दहा टक्के सरळ व्याजाने घेतले आणि अभ्यासक्रमानंतर आणखी एक वर्ष हप्ता सुरू झाला नाही. मधल्या काळात व्याज भरले नसेल, तर पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी डोक्यावर पावणेसात लाख असतात. हा आकडा मुलांदेखत मांडावा. त्यांच्यापासून लपवलेले कर्ज पुढे त्यांच्याच मानेवर बसते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी व्याजसवलतीच्या योजना आहेत, त्यांची चौकशी बँकेत सही करण्यापूर्वी करावी.

दुसरा भाग हक्काच्या सवलतींचा. २०२४-२५ या वर्षापासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क राज्य शासनाने पूर्ण माफ केले आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे आणि वसतिगृहात न राहणाऱ्यांसाठी निर्वाहाच्या योजना आहेत. परंतु येथे एक खाच आहे. ही शुल्कमाफी शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या जागेलाच लागू होते. व्यवस्थापन कोट्यातील जागेला ती नाही. खाजगी अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यांनाही ती नाही. ‘जागा आत्ताच पक्की करा, सवलतीचे नंतर पाहू,’ असे सांगणारा दलाल भेटला, तर त्याच्या सांगण्यातला लबाडपणा येथे आहे.

तिसरा भाग अनुरूपतेचा, म्हणजे महाविद्यालय आपल्या मुलाला मानवेल की नाही याचा. त्यासाठी माहितीपत्रक पुरत नाही. कामाच्या दिवशी तेथे जावे. प्रयोगशाळेतील यंत्रांवर धूळ आहे की हातांचे डाग आहेत, ते पाहावे. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, किती प्राध्यापक कायम आहेत आणि किती तासिका तत्त्वावर आहेत, हे विचारावे. प्रवेशाच्या खिडकीवरील माणसापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलावे. मराठी माध्यमातून आलेली मुले पहिल्या वर्षी कशी टिकतात, हा प्रश्न तर विचारावाच. फलकावर एका मुलाच्या पगाराचा मोठा आकडा असतो. तो आकडा त्या एका मुलाचा असतो. प्रवेश घेतलेल्या शंभरांपैकी किती जणांना काम मिळाले आणि मधल्या मुलाला काय मिळाले, हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या फलकाला काही अर्थ नाही.

चौथा भाग परतीच्या वाटांचा. पदविका करून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. जवळच्या अनुदानित महाविद्यालयातील विज्ञान शाखेच्या पदवीतून शिक्षक, संशोधन, बँक, स्पर्धा परीक्षा अशा अनेक दिशा खुल्या राहतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र व दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची आणि पुन्हा येण्याची मुभा दिली आहे. कागदावर ही मुभा चांगली आहे. परंतु ज्या घरात पैसा नाही, तेथे बाहेर पडण्याचे दार नेहमी उघडे असते आणि परत येण्याचे सहसा उघडत नाही. म्हणून तिच्या भरवशावर राहू नये. महाविद्यालय सोडावेच लागले, तर मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचा अधिकार महाविद्यालयाला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली हे स्पष्ट केले आहे.

त्या मुलीचे आम्ही काय केले, ते सांगतो. तिच्या बापाने पुण्याच्या एका संस्थेतील व्यवस्थापन कोट्यातली जागा मनात धरली होती. चार वर्षांचा कागद मांडल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मुलीने केंद्रीभूत प्रक्रियेचा अर्ज भरला आहे. जेथे ती खरोखर जाईल अशीच नावे, ज्या क्रमाने हवीत त्याच क्रमाने, तिने लिहिली आहेत, कारण पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती नाकारून पुढच्या फेरीत जाता येत नाही. शिवाय कोल्हापुरात विज्ञान शाखेचा अर्जही तिने देऊन ठेवला आहे. तिचे अजून ठरलेले नाही. परंतु आता तिच्या न ठरण्यावर कोणाचे माग लागलेले नाहीत.

कार्यकर्त्यांना माझी एकच विनंती आहे. प्रवेशाचे अर्ज सुरू असेपर्यंत रोज संध्याकाळी आपल्या कार्यालयात एक टेबल मांडा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचे अर्ज, प्राधिकरणाने संमत केलेल्या शुल्काचे आकडे एवढे साहित्य पुरे. मोर्चे आपण काढतोच. परंतु बाप मुलीला घेऊन येईल, तेव्हा त्याच्याबरोबर बसून चार वर्षांचा हिशेब मांडणारा माणूस त्याला हवा आहे. त्या वेळी सल्ला देण्याची घाई करू नका. मी ती केली होती. आधी मुलीला विचारा, आणि ‘अजून ठरले नाही’ असे ती म्हणाली, तर ते उत्तर म्हणून मान्य करा.