घराचं काम कुणाच्या हाती द्यायचं?

आम्ही न्हावा शेवा परिसरातल्या बचत गटांच्या बाया. गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी येते तेव्हा सगळ्यांत मोठी रक्कम दोनच गोष्टींसाठी असते. एक लग्न आणि दुसरं घर. लग्नाच्या खर्चावर आपण खूप बोलतो. आज घराबद्दल बोलू.

आधी आमची चूक सांगतो. आमच्या एका ताईनं जुनं कौलारू घर उतरवून दोन खोल्यांवर स्लॅब टाकायचं ठरवलं. ठेकेदार तिच्या दिराच्या ओळखीचा होता. चार लाखांत मटेरियलसह काम करतो म्हणाला. गटानं तिला 60 हजार रुपये एकरकमी दिले, तिनं दागिने गहाण ठेवले आणि दीड लाख रुपये त्याच्या हातात गेले. पाया झाला, कॉलम उभे राहिले आणि मे महिन्यात माणूस यायचा थांबला. पुढे फोनही लागेना. ते कुटुंब सगळा पावसाळा ताडपत्रीखाली राहिलं आणि खाऱ्या वाऱ्यानं उघड्या सळ्या गंजून गेल्या. ताईकडे ना करार होता, ना पावती. नुसतं एक कार्ड होतं. आम्ही तिला विचारलं, "ताई, काही लिहून का नाही घेतलंस?" ती म्हणाली, "तुम्ही तरी कुठं विचारलंत?" ते खरंच होतं. पाच हजारांच्या कर्जालाही आम्ही वहीत सही घेतो, आणि इथं काही न विचारता 60 हजार दिले.

त्यानंतर गटात ठरलं, की घराच्या कर्जाआधी काही गोष्टी विचारायच्याच.

पहिला प्रश्न बायका हमखास विचारतात, तो ठेकेदाराकडे लायसन आहे का. खरी गोष्ट अशी, की आपल्या राज्यात खाजगी घर बांधणाऱ्या ठेकेदारासाठी वेगळं लायसन नाही. सार्वजनिक बांधकाम विभागात ठेकेदारांची नोंदणी होते, पण ती सरकारी कामांसाठी. जीएसटी नंबर म्हणजे कराची नोंद. त्यावरून हात चांगला आहे की नाही ते कळत नाही. एका ठिकाणी मात्र परवाना लागतोच. वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या. महावितरणकडून जोडणी घेताना त्याचा चाचणी अहवाल मागतात. मिस्त्रीचा पोरगा वायर ओढून देईल, पण तो कागद देऊ शकणार नाही.

मग ठेकेदाराची पारख कशी करायची? त्यानं बांधलेली तीन घरं बघा. त्यातलं एक तरी तीन-चार पावसाळे काढलेलं असू द्या. घरमालकाशी नाही, घरातल्या बाईशी बोला. स्लॅब गळतो का, न्हाणीघराचं पाणी कुठं मुरतं, काम अर्धवट टाकून तो किती दिवस गायब होता, हे तीच सांगेल.

दुसरी गोष्ट, दर कशाचा ते समजून घ्या. लेबर रेट म्हणजे मटेरियल आपलं आणि मजुरी त्याची. मटेरियलसह म्हणजे सगळं त्याचं. त्यात सिमेंट कोणतं, सळई किती जाडीची, लाद्या, नळ, दरवाजे कोणते, हे लिहिलेलं नसेल तर "मटेरियलसह" या शब्दाला काही अर्थ उरत नाही. वाळू आणि खडी ब्रासवर मोजतात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. गाडी रिकामी होण्याआधी हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची टेपनं मोजा. सळई वजन करून घ्या. 12 मीटरची 12 एमएमची एक सळई साधारण साडेदहा किलो भरते आणि 8 एमएमची पावणेपाच किलो. वजन बरंच कमी भरलं तर माल परत पाठवा.

तिसरी गोष्ट आपल्या किनाऱ्याची. इथल्या हवेत मीठ आहे. सळईला गंज चढला की ती फुगते, काँक्रीटला तडे जातात आणि स्लॅबचे पोपडे पडतात. म्हणून सळईभोवती काँक्रीटचं पुरेसं कव्हर हवं. ते किती आणि काँक्रीट कोणत्या ग्रेडचं, हे इंजिनिअरकडून नकाशावर लिहून घ्या, आणि सळईखाली दगडाचे तुकडे नाहीत तर कव्हर ब्लॉक आहेत ना, ते स्वतः बघा. समुद्राची वाळू नको. खारट बोअरचं पाणीही नको. जे पाणी आपण पिऊ शकतो तेच सिमेंटला चालतं. माल पातळ केला की मजुरांना काम सोपं जातं, पण घर कच्चं होतं. सिमेंटच्या एका गोणीला 25 लिटरच्या वर पाणी नको. स्लॅबवर किमान दहा दिवस पाणी मारा, कडक उन्हात चौदा दिवस. टेकू कधी काढायचे ते इंजिनिअरनं सांगावं, सेंटरिंगवाल्यानं नाही.

वाळवीचंही तसंच. बंदरासाठी उठवलेल्या शेव्याच्या कोळ्यांची उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यातली घरं वाळवीनं पोखरली आणि नीट पुनर्वसनासाठी त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. म्हणून जोत्याच्या वेळीच वाळवीची फवारणी करून घ्या. घर उभं राहिल्यावर ती करणं जड जातं.

चौथी गोष्ट पैशाची. घरकुल योजनेत सरकार सगळे पैसे एकदम देत नाही. काम कुठवर आलं त्याचा फोटो चढतो, मगच पुढचा हप्ता पडतो. आपणही तेच करू. सुरुवातीला थोडी उचल, मग जोतं झालं की, स्लॅब पडला की, गिलावा झाला की एकेक हप्ता. शेवटचा दहावा हिस्सा हातात ठेवायचा आणि एक पावसाळा गेल्यावर, गळती नाही हे बघून द्यायचा. पैसे बँकेतून द्या. रोख दिलेच तर त्याच दिवशी सही घ्या. आमच्या गटाचं कर्जही आता असंच टप्प्यानं जातं. दोन जणी जाऊन काम बघून येतात, मगच पुढचा चेक निघतो.

हे सगळं करारात लिहा. कामाची यादी, दर, तारखा, हप्ते, काम सोडलं तर काय, वाढीव कामाचा दर काय. मुद्रांकावर दोन साक्षीदारांसमोर सह्या घ्या, आणि बायांनो, त्यावर तुमचीही सही असू द्या. कर्ज तुमच्या नावावर आणि करार फक्त नवऱ्याच्या, असं नको. त्याआधी बांधकामाची परवानगी कुणाची लागते, ग्रामपंचायतीची, सिडकोची की आणखी कुणाची, ते विचारून घ्या. आपल्याकडे गावागणिक उत्तर बदलतं.

एवढं करूनही फसवणूक झाली तर? आपल्या जागेवर ठेकेदार लावून घर बांधलं तर महारेरात दाद मिळत नाही. ते बिल्डरच्या प्रकल्पांसाठी आहे. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणीची सेवा येते. दोन वर्षांच्या आत अलिबागला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आधी 1915 या नंबरवर फोन करून विचारा. मात्र तिथं पहिला प्रश्न कागदाचाच येतो.

आणि एक. तुमच्या घरावर घमेली वाहणारी बाईही कुणाच्या तरी गटात असेल. वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केलं असेल तर तिला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. ठेकेदाराला तिच्या दाखल्यावर सही करायला लावा.

आमच्या त्या ताईचं घर दुसऱ्या वर्षी पुरं झालं. गावातलाच गवंडी होता, लेबर रेटनं. इंजिनिअरनं गंजलेल्या सळ्या तपासल्या, घासून घेतल्या, दोन कॉलमच्या तर बदलायला लावल्या. गेलेले पैसे परत आले नाहीत. दागिने अजून सुटायचे आहेत. पण प्रत्येक गोणी, प्रत्येक हप्ता तिनं वहीत मांडला. आता कुणाचं घर निघालं की गटातल्या बाया आधी तिच्याकडे जातात आणि ती वही मागून नेतात.

तुमच्याकडे काम निघालं असेल तर उचल देण्याआधी आमच्या बैठकीला या. येताना ठेकेदारानं दिलेला कागद घेऊन या. कागद दिला नसेल, तर आधी तो मागा.